लावणीच्या आचार्या यमुनाबाई वाईकर

यवतमाळ, पुसद, दारव्हा या बाजूच्या आमच्या वाचकांस दंडार आणि खडी गंमत परिचयाची आहे. परंतु खडी गमतीत स्त्रीचे सोंग परंपरेने पुरुषच घेत आला, त्यामुळे बैठकीच्या लावणीचा बाज इकडे फारसा ठाऊक नाही. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत सातारा जिल्ह्यातील आपल्याच समाजाच्या एका थोर कलावतीचे चरित्र आम्ही सादर करीत आहोत.

यमुनाबाईंचा जन्म ३१ डिसेंबर १९१५ रोजी कोल्हाटी समाजात झाला. मराठी भाषेला 'कोलांटउडी' हा शब्द देणारा हा समाज स्वतः मात्र बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडत राहिला. आई गीताबाई हीच त्यांची पहिली गुरू. बालपण मायलेकींनी नाचगाणे करीत गावोगाव फिरण्यात गेले. पुढे हिराबाई व ताराबाई या भगिनींसह त्यांची संगीतबारी नावारूपास आली आणि वाईचे नाव त्यांस कायमचे जडले.

त्यांची खरी सत्ता बसून केलेल्या अदाकारीवर होती. फडावरच्या लावणीत पायांतली चाळ बोलते. बैठकीत नर्तिका रसिकांसमोर बसते आणि एकच ओळ पुनःपुन्हा आळविते. प्रत्येक वेळी नजर, भुवई, मनगट आणि पदराचा काठ निराळा अर्थ सांगतात. कधी रुसवा, कधी विनवणी, कधी नुसता टोमणा! नृत्यरचना म्हणजे केवळ पदन्यासाची मांडणी असे मानणाऱ्या विद्वानांनी ही अदा अवश्य अभ्यासावी. कथ्थकाचे आचार्य बिरजू महाराज यांच्यासमवेतही त्यांनी आपली कला सादर केली. विद्यापीठाची पदवी त्यांजपाशी नव्हती. तरी अनेक मुलींनी हे शिक्षण त्यांच्याच पायाशी बसून घेतले. १९७७ साली संगीत नाटक अकादमीने त्यांस पुरस्कार दिला. पद्मश्री यावयास मात्र २०१२ साल उजाडले. त्या वेळी बाईंचे वय शहाण्णव होते. हा विलंब आम्हांस खटकतो.

मानसन्मानाहून आम्हांस मोठे वाटते ते त्यांचे दुसरे कार्य. वाईत स्थिरावल्यावर आपल्या बेघर जातबांधवांना निवारा मिळावा म्हणून त्या झटल्या. जिच्या घुंगरांकडे गावाने बोट दाखविले, तिनेच समाजाला छप्पर देण्याचा ध्यास घ्यावा, याची आमच्या पुरुषवर्गाने नोंद घ्यावी. कारण नाचणाऱ्या मुलीचे लग्न नाही आणि तिच्या मिळकतीवर घर चालते, ही रीत आपल्याच घरांतली. आपल्याच समाजातील डॉ. किशोर शांताबाई काळे यांनी १९९४ साली 'कोल्हाट्याचं पोर' लिहून ती चव्हाट्यावर मांडली, तेव्हा कित्येकांना राग आला. आम्हांस तो राग अनाठायी वाटतो. यमुनाबाईंची तसबीर कार्यालयात लावावयाची आणि काळ्यांचे पुस्तक कपाटात दडवावयाचे, हे चालणार नाही.

१५ मे २०१८ रोजी, वयाच्या एकशे तिसऱ्या वर्षी, यमुनाबाई निवर्तल्या.