खोक्यांतून आलेली मिल

माझी सगळी नोकरी टर्नकीच्या कामांत गेली. आराखडा, यंत्रांची खरेदी, पाया, इरेक्शन, चाचणी, सगळं एकाच कंत्राटदाराच्या अंगावर. साइटवर आम्ही म्हणायचो, काही बिघडलं तर मालकाला पकडायला एकच मान असते.

निवृत्तीनंतर मी नागपूरच्या एम्प्रेस या कापड मिलच्या उभारणीबद्दल मिळेल ते वाचायला लागलो. माझे बाबा त्या मिलच्या रिंग खात्यात होते. आमच्या घराचं घड्याळ भोंग्यावर लागायचं. मिल कुणी बांधली, हे मात्र आम्ही कधी विचारलं नव्हतं. मी नोकरीच्या सवयीने शोधत होतो, की इथे पकडायची मान कुणाची होती?

1874 साली जमशेदजी टाटांनी 15 लाखांच्या भांडवलावर कंपनी काढली. कापूस वऱ्हाड-नागपूरचा, वरोऱ्याचा कोळसा फार लांब नाही आणि मुंबईची रेल्वे 1867पासून नागपूरला आलेली. जागा घेतली जुम्मा तलावाजवळ, दलदलीची. आधी भराव घालावा लागला. इथल्या एका मारवाडी सावकाराने पैसे द्यायचं नाकारलं, कारण हा माणूस सोनं मातीत घालतोय असं त्याला वाटलं. साइट लेव्हलिंगचा खर्च पाहून असं म्हणणारे फायनान्सवाले मीही पाहिलेत!

आमच्या टर्नकीसारखी अख्खी गिरणी मिळण्याची सोय तेव्हाही होती. 1867मध्ये जपानमधल्या कागोशिमाला ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सनी सूतगिरणीची यंत्रं पाठवली आणि ती बसवायला इंग्रज तंत्रज्ञही गेले. नागपुरात मात्र टाटांनी कारभार आपल्याच माणसांकडे ठेवला. व्यवस्थापक बेझनजी मेहता. ते जीआयपी रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातले, गिरणीचा अनुभव शून्य. यंत्रांची जबाबदारी जेम्स ब्रुक्सबी या इंग्रज तंत्रज्ञाकडे. समुद्रमार्गे मुंबईला आलेली खोकी रेल्वेने आठशेहून अधिक किलोमीटर आत आणायची. सुटा भाग तुटला तर इंग्लंडला कळवून पुन्हा जहाजाची वाट पाहायची. आज गेटवर ट्रक अडकला की आम्ही रात्रभर फोन करत बसतो. त्या माणसांचा धीर मला मोजता येत नाही.

1 जानेवारी 1877ला मिल सुरू झाली. त्याच दिवशी दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली, म्हणून नाव एम्प्रेस. सूत कातायच्या 15,552 थ्रॉसल चात्या, 14,400 म्यूल चात्या, 450 माग. पण काटकसरीने घेतलेली यंत्रं नीट चालेनात, माल हलका निघू लागला. आमच्या काळी अशा वेळी नोटीस गेली असती, बँक गॅरंटी वटवली असती, पत्रांच्या फायली फुगल्या असत्या. टाटांना वटवायला कुणाची गॅरंटी नव्हती. चूक त्यांची, भुर्दंडही त्यांचाच. त्यांनी ती यंत्रं काढून चांगली घेतली.

मला वाटतं, मिल तिथेच शिकली. 1880च्या दशकात इंग्लंडमधलं लँकेशायर म्यूल चात्यांनाच चिकटून बसलं होतं, तेव्हा ब्रुक्सबींनी नागपुरात अमेरिकन पद्धतीच्या रिंग चात्या लावून पाहिल्या. वेग वाढवत नेला. यंत्रं उभारून तो माणूस निघून गेला नव्हता, म्हणून हे झालं.

आम्ही निघून जायचो. एका प्रकल्पात हस्तांतराच्या सह्या झाल्या आणि आठवड्यात आमची माणसं दुसऱ्या साइटवर. पुढे वर्षभर तिथला शिफ्ट इंजिनिअर मला रात्री फोन करायचा. कुठला व्हॉल्व्ह कशासाठी ठेवला, हे ड्रॉइंगवर होतं. का ठेवला, हे आमच्या डोक्यात होतं. टर्नकीने वेळ वाचतो, हे मी छातीठोकपणे सांगेन. पण ते 'का' मालकाच्या घरात राहत नाही, याची खंत मला आजही आहे.

मिल 2002मध्ये बंद झाली. आता तिथे मॉल आहे. मागच्या महिन्यात नातवाला घेऊन गेलो होतो. बाबा खात्यात शिरताच आवाजावरून सांगायचे, कुठल्या फ्रेमचा पट्टा सैल झालाय. सरकत्या जिन्याशी उभं राहून मी त्याला हेच सांगत होतो.