अश्रुग्रंथी आणि वार्धक्य : एक ऐतिहासिक आढावा

अश्रू मेंदूतून पाझरतात, असा समज युरोपीय वैद्यकात दीर्घकाळ रूढ होता. १६६२ मध्ये डॅनिश शरीररचनाशास्त्रज्ञ नील्स स्टेन्सन यांनी अश्रुग्रंथी व तिच्या नलिकांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि अश्रूंचा उगम ग्रंथीत निश्चित झाला. १९०३ मध्ये जर्मन नेत्रतज्ज्ञ ऑटो शिर्मर यांनी गाळणकागदाच्या पट्टीने अश्रुस्राव मोजण्याची पद्धत मांडली. ग्रंथीचे कार्य त्यामुळे मिलिमीटरमध्ये नोंदविता येऊ लागले. उतारवयात हा स्राव का घटतो, हा प्रश्न मात्र शिल्लक राहिला.

त्याचे उत्तर ग्रंथीच्या रचनेत शोधले गेले. १९८४ मध्ये डमाटो व सहकाऱ्यांनी मरणोत्तर मिळविलेल्या ग्रंथी तपासून वार्धक्यातील ऱ्हासामागे दीर्घकालीन दाहाचा वाटा असल्याचे प्रतिपादन केले. १९९५ मध्ये ओबाता व सहकाऱ्यांच्या जपानी अभ्यासात ग्रंथीच्या नेत्रकोटरीय भागातील स्रावी पेशींचा क्षय व तंतुमय ऊतींची वाढ वृद्ध स्त्रियांत अधिक आढळली.

या संशोधनाचा अर्थ दूरगामी आहे. ऱ्हासामागे दाह असेल, तर तो केवळ काळाचा परिणाम ठरत नाही. म्हणूनच डोळ्यांच्या शुष्कतेची वृद्धांची तक्रार ‘वयोमानानुसार’ या एका शब्दात निकालात काढणे शास्त्रसंमत म्हणता येणार नाही.