सोसण्याकडून सांगण्याकडे

कर्करोगाचं निदान झालं आणि डॉक्टरांनी केमोथेरपी सुचवली, की घरात दोन प्रश्न उभे राहतात. पहिला सगळ्यांसमोर विचारला जातो : 'रोग बरा होईल ना?' दुसरा स्वयंपाकघरात, हलक्या आवाजात : 'हिला हे सोसवेल ना?' पहिल्या प्रश्नाचा इतिहास आपण पुष्कळदा ऐकतो. कोणतं औषध कधी सापडलं, कुणी शोधलं, किती रुग्ण बरे झाले. पण दुसऱ्या प्रश्नालाही इतिहास आहे, आणि तो पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. कारण औषध कितीही गुणकारी असलं, तरी रुग्णाला ते झेपलं नाही तर त्याचा उपयोग काय? आज आपण या दुसऱ्या प्रश्नाविषयी बोलणार आहोत.

गोष्ट सुरू होते दुसऱ्या महायुद्धात. अमेरिकेच्या येल विद्यापीठात लुई गुडमन आणि आल्फ्रेड गिलमन हे दोन शास्त्रज्ञ युद्धात वापरल्या जाणाऱ्या विषारी रसायनांचा अभ्यास करत होते. मस्टर्ड गॅसच्या जातीच्या रसायनांमुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात आणि लसीका ग्रंथी आक्रसतात, असं त्यांच्या ध्यानात आलं. मग ज्या रोगात याच ग्रंथी बेसुमार वाढतात, तिथे हे विष औषध ठरेल का? १९४२ च्या ऑगस्टमध्ये अशा एका रुग्णाला नायट्रोजन मस्टर्ड देण्यात आलं. गाठी विरघळू लागल्या. पण पांढऱ्या पेशीही घसरल्या, काही आठवड्यांनी गाठी परतल्या आणि रुग्ण वाचला नाही. युद्धामुळे हे सारं १९४६ पर्यंत गुप्त राहिलं. दरम्यान २ डिसेंबर १९४३ रोजी इटलीतल्या बारी बंदरावर जर्मन विमानांनी बॉम्ब टाकले. तिथल्या 'जॉन हार्वे' या अमेरिकी जहाजात मस्टर्डचे बॉम्ब होते. त्यात सापडलेल्या माणसांना स्टुअर्ट अलेक्झांडर या लष्करी डॉक्टरांनी तपासलं, तेव्हा पांढऱ्या पेशींची तीच घसरण त्यांना दिसली.

म्हणजे केमोथेरपीचा गुण आणि तिचा दोष एकाच मुळातून आले. ही औषधं झपाट्याने विभागणाऱ्या पेशींवर घाव घालतात. कर्करोगाच्या पेशी तशा असतात, पण हाडांच्या मगजातल्या रक्त तयार करणाऱ्या पेशी, तोंडाचं आणि आतड्यांचं अस्तर, केसांची मुळं, हीसुद्धा तशीच. म्हणून पांढऱ्या पेशी घटतात, तोंड येतं, जुलाब होतात, केस गळतात. औषधाला आपला-परका कळत नाही.

सुरुवातीच्या काळात डॉक्टरांचं सगळं लक्ष रोगावर होतं, आणि ते स्वाभाविकही होतं. बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी १९४८ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने आजारी मुलांवर अमिनोप्टेरिनचा प्रयोग प्रसिद्ध केला. हे औषध ज्यांच्या प्रयोगशाळेतून आलं, ते येल्लाप्रगडा सुब्बाराव आपल्या आंध्रातले. कित्येक मुलांचा रोग काही काळ मागे हटला. पण तो परतायचा. एकाऐवजी अनेक औषधं एकत्र द्यावीत, असं डॉक्टरांना वाटू लागलं. ती देणार कशी? मुलं त्याआधीच रक्तस्रावाने दगावत होती.

बेथेस्डाच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत १९५५ मध्ये एमिल फ्रायराइख हे तरुण डॉक्टर दाखल झाले. त्यांच्या वॉर्डात मुलांच्या नाकातून, हिरड्यांतून रक्त वाहायचं. काही रोगामुळे, काही औषधांमुळे प्लेटलेट्स घटलेल्या असायच्या. ताज्या रक्तातल्या प्लेटलेट्स दिल्या तर रक्तस्राव थांबतो, हे फ्रायराइख यांनी दाखवून दिलं. पण एवढ्या प्लेटलेट्स आणायच्या कुठून? इथे एका रुग्णाचे वडील पुढे आले. जॉर्ज जडसन हे आयबीएम कंपनीत इंजिनिअर होते आणि त्यांच्या मुलाला रक्ताचा कर्करोग होता. डॉक्टर आणि इंजिनिअर यांनी मिळून १९६० च्या दशकात रक्त फिरतं ठेवून त्यातल्या पेशी वेगळ्या करणारं यंत्र बनवलं. आज आपल्याकडच्या रक्तपेढीत एखादा तरुण तासभर खुर्चीत बसून प्लेटलेट्स देतो, तेव्हा तो याच यंत्राच्या वारसाला जोडलेला असतो. रक्तस्रावाला लगाम बसला, म्हणून एकत्रित औषधांचा मार्ग मोकळा झाला. त्रास आवरण्याचं काम हे मुख्य उपचाराच्या मागून येणारं शेपूट नव्हतं. त्यानेच उपचाराची वाट रुंद केली.

दुसरा शत्रू होता जंतुसंसर्ग. पांढऱ्या पेशी नसलेल्या शरीरात साधा ताप काही तासांत जिवावर बेततो. पूर्वी रक्त तपासायला पाठवून अहवालाची वाट पाहण्याची रीत होती, आणि अहवाल येईपर्यंत काही रुग्ण हाती लागत नसत. बाल्टिमोरचे स्टीफन शिम्फ आणि त्यांचे सहकारी यांनी १९७१ मध्ये वेगळा मार्ग मांडला : पांढऱ्या पेशी घटलेल्या रुग्णाला ताप येताच, जंतू कोणता हे कळण्याआधीच प्रतिजैविकं सुरू करायची. १९९१ मध्ये मगजाला पांढऱ्या पेशी बनवायला चालना देणारं फिल्ग्रॅस्टिम हे इंजेक्शन अमेरिकेत मान्य झालं. आजही केमो चालू असताना ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला, तर रात्र आहे, रविवार आहे, असं म्हणत थांबायचं नसतं. घरातली तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहायची नसते. लगेच रुग्णालयाला कळवायचं असतं.

आता येऊ या उलटीकडे. १९६५ मध्ये मिशिगनमध्ये बार्नेट रोझेनबर्ग हे विजेचा जंतूंवर होणारा परिणाम पाहत होते. जंतूंचं विभाजन थांबलं, पण विजेमुळे नव्हे, तर प्लॅटिनमच्या पट्ट्यांतून सुटलेल्या संयुगामुळे. त्यातून सिस्प्लॅटिन हे औषध आलं. अमेरिकेत ते १९७८ मध्ये मान्य झालं. वृषणाच्या कर्करोगात त्याने चमत्कार म्हणावा असा फरक पडला. पसरलेला रोगही बरा होऊ लागला. पण दोन अडचणी होत्या. ते मूत्रपिंडांना इजा करायचं. त्यावर औषधाच्या आधी आणि नंतर भरपूर सलाइन देऊन लघवी वाहती ठेवण्याची युक्ती सापडली. दुसरी अडचण उलट्यांची. त्या इतक्या व्हायच्या, की बरं करणारं औषध हाताशी असताना काही जण उपचार सोडून द्यायचे.

इथे पुन्हा रुग्णांचं बोलणं कामी आलं. बोस्टनमधल्या काही तरुण रुग्णांनी डॉक्टरांना सांगितलं, की केमोआधी गांजा ओढला तर मळमळ कमी होते. डॉक्टरांनी त्यांना झिडकारलं नाही. गांजातला मुख्य घटक घेऊन रीतसर चाचणी केली आणि १९७५ मध्ये ती प्रसिद्ध केली. पुढे १९८५ मध्ये त्याची कॅप्सूल अमेरिकेत मान्य झाली. याचा अर्थ चिलीम हाती घ्यावी असा नव्हे! अर्थ एवढाच, की रुग्णाच्या अनुभवाकडे माहिती म्हणून पाहिलं गेलं. १९८१ मध्ये न्यूयॉर्कच्या रिचर्ड ग्राला यांनी मेटोक्लोप्रमाइड हे जुनंच औषध मोठ्या मात्रेत शिरेतून देऊन सिस्प्लॅटिनच्या उलट्या कमी करून दाखवल्या.

१९८३ मध्ये ऑस्ट्रेलियात अॅलन कोट्स आणि सहकाऱ्यांनी एक साधी गोष्ट केली. केमो घेणाऱ्या रुग्णांनाच विचारलं, की तुम्हाला सर्वांत जास्त त्रास कशाचा? उत्तर आलं : पहिली उलटी, दुसरी मळमळ, तिसरं केस गळणं. प्रश्न सोपा होता, पण तो रुग्णांना पद्धतशीरपणे विचारायला केमोथेरपीच्या जन्मानंतर चार दशकं लागली.

तोवर संशोधकांना उलटीची वाटही दिसू लागली होती. औषधाने दुखावलेलं आतड्याचं अस्तर सेरोटोनिन नावाचं रसायन सोडतं. ते तिथल्या मज्जातंतूच्या टोकाला जणू घंटा वाजवतं आणि मेंदूतलं उलटीचं केंद्र जागं होतं. ही घंटा वाजू न देणारं ऑन्डॅनसेट्रॉन १९९१ मध्ये अमेरिकेत बाजारात आलं. आज आपल्या गावातल्या औषधाच्या दुकानातही ते असतं. १९९३ मध्ये ऑस्ट्रेलियात रुग्णांना पुन्हा तोच प्रश्न विचारला, तेव्हा उलटी पहिल्या क्रमांकावर राहिली नव्हती. तिथे मळमळ आली होती, आणि तिच्यापाठोपाठ थकवा.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी होणाऱ्या उलट्यांसाठी २००३ मध्ये अॅप्रेपिटंट आलं. मळमळीवर ओलान्झापिन उपयोगी पडतं असं दिसलं. हे मूळचं मनोविकारावरचं औषध, पण त्याने दिवसभर गुंगी येते. आपल्या मुंबईत, १९४१ मध्ये परळला सुरू झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयात यावर चाचणी झाली. १० मिलिग्रॅमऐवजी अडीच मिलिग्रॅम दिलं तरी मळमळ-उलटी तेवढीच आटोक्यात राहते आणि गुंगी बरीच कमी येते, असं २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसलं. एका त्रासावरच्या औषधाचा दुसरा त्रास कमी करणं, हेही संशोधनच.

सगळेच उपाय महागडे नसतात. एका विशिष्ट औषधाने तोंड येतं. ते शिरेतून देताना अर्धा तास बर्फाचे तुकडे चघळले, तर तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात, औषध तिथे कमी पोचतं आणि जखमा कमी होतात. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी हे १९९१ मध्ये दाखवलं. याच तत्त्वावर केस वाचवण्यासाठी डोक्याला थंडावा देण्याचे प्रयोग १९७० च्या दशकापासून चालू होते. अशा टोपीला अमेरिकेत पहिली मान्यता २०१५ मध्ये मिळाली. मात्र हे प्रत्येक औषधाला आणि प्रत्येक रोगाला लागू नाही, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

काही रुग्णांना रुग्णालयाचं फाटक दिसताच मळमळू लागतं. घरचे म्हणतात, 'अजून सुई टोचलीही नाही, हे मनाचे खेळ आहेत.' पण हा मनाचा दुबळेपणा नाही. पाव्हलॉव्हच्या कुत्र्याच्या तोंडाला घंटा ऐकून पाणी सुटायचं, तशीच ही शरीराला लागलेली सवय. ती आधीच्या खेपेच्या उलट्यांतून लागते. म्हणून पहिल्याच खेपेला उलटी होऊ न देणं फार मोलाचं.

सगळे प्रश्न सुटलेत असं मात्र नाही. हातापायांना येणाऱ्या मुंग्या आणि बधिरपणा यांवर अजून खात्रीचा इलाज नाही. पण मुंग्या येताहेत हे वेळीच कळलं, तर डॉक्टर औषधाची मात्रा कमी करू शकतात किंवा औषध बदलू शकतात. थकव्यावर नुसती विश्रांती पुरत नाही. झेपेल तेवढं रोज चालण्याने तो कमी होतो.

आता या इतिहासातला मला सर्वांत बोलका वाटणारा प्रसंग सांगतो. अमेरिकेत ईथन बॅश यांनी ७६६ रुग्णांवर एक अभ्यास केला. काही रुग्णांनी आपल्या तक्रारी नियमितपणे संगणकावर नोंदवायच्या आणि त्रास वाढला की परिचारिकेला सूचना जायची. बाकीच्यांवर नेहमीसारखे उपचार. २०१७ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले. तक्रारी नोंदवणाऱ्यांचं मध्यम आयुर्मान ३१.२ महिने होतं, इतरांचं २६. नवं औषध एकही नव्हतं. त्रास वेळेवर कळला, वेळेवर आवरला गेला आणि ते रुग्ण केमो जास्त काळ घेऊ शकले.

आपल्याकडे सोसण्याला मोठी किंमत आहे. विशेषतः घरातली बाई दुखणं अंगावर काढते आणि त्याचं कौतुकही होतं. डॉक्टर घाईत असतात, बाहेर रांग असते. 'कसं वाटतंय?' असं विचारलं की आपण म्हणतो, 'ठीक आहे.' सोसण्यात धैर्य आहे, हे खरंच. पण केमोच्या काळात न सांगता सोसलेला त्रास उपचारालाच अडवतो. तेव्हा घरात एक वही करा. किती वेळा उलटी झाली, ताप किती होता, किती जेवण गेलं, झोप लागली का, मुंग्या कुठे आल्या, हे तारीख घालून लिहा. रुग्णाला लिहिणं होत नसेल तर शेजारी बसणाऱ्याने लिहावं. आणि पुढच्या खेपेला जाताना फाइलबरोबर ती वहीही न्यायला विसरू नका.

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)