पेट्रोलचा डबा, जर्मन कॅन आणि आपली पाण्याची बाटली

जुलैमधली गोष्ट. घरामागच्या कलमांत गवत कमरेएवढं वाढलेलं. ग्रासकटरवाला माणूस सकाळी सातला हजर. आल्या आल्या पहिला प्रश्न, "दादा, पेट्रोल खंय?" मी पाच लिटरचा प्लास्टिकचा कॅन घेऊन पंपावर गेलो. पंपावरच्या पोराने लांबूनच मान हलवली. "कॅनमध्ये नाय मिळणार. वरून ऑर्डर आहे."

मग काय केलं? आपण सगळेच करतो तेच. मोटारसायकलची टाकी फुल्ल केली, घरी आलो, टाकीत नळी घातली आणि तोंडाने ओढलं. थोडं तोंडात गेलं, दिवसभर ढेकर पेट्रोलचे. बाकीचं उतरवलं कशात? पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत. म्हणजे नियम पंपावर शंभर टक्के पाळला गेला आणि घरी येऊन मी त्याच्यापेक्षा दहापट धोक्याचं काम केलं, तेही अंगणात, शेजारी चूल पेटलेली असताना.

यावर हसून सोडून दिलं असतं. पण पुढच्याच पंधरवड्यात पलीकडच्या वाडीतला एक जण भाजला. ग्रासकटर तापलेला, टाकीतलं पेट्रोल संपलं म्हणून तसाच बाटलीतून ओतायला गेला. बाटलीतून ओतलं की धार कधी सरळ पडत नाही, गचके खात पडते. थोडं सायलेन्सरवर सांडलं आणि भडका उडाला. दोन्ही हात आणि मान. ऐन हंगामात घरातला कमावता माणूस बिछान्यावर. मी चार ओळींची बातमी लावली, 'पेट्रोलचा भडका, एक जखमी'. बाटलीचा उल्लेखसुद्धा केला नाही. वीसेक वर्षं बातमीदारी करतोय, पण पेट्रोल कशातून ओतलं जात होतं हा प्रश्न मला पडलाच नव्हता.

तो आता पडला म्हणून हे वाचन केलं. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

आपल्याकडे इंधनाचं पहिलं भांडं म्हणजे रॉकेलचा चौकोनी डबा. चार गॅलन, म्हणजे साधारण अठरा लिटर. असे दोन डबे एका लाकडी खोक्यात घालून विलायती आणि अमेरिकन कंपन्या आशियाभर रॉकेल पाठवत. डबा परत द्यायचा नसे, तो गिऱ्हाइकाचाच. त्यामुळे रॉकेल संपलं की डब्याचा दुसरा जन्म सुरू. वर लाकडी दांडी ठोकून पाणी भरायला, धान्य मोजायला, तुळस लावायला, कापून सपाट केला की पडवीच्या छपराला. आजीच्या घरी न्हाणीत असा एक डबा होता, त्यावरची अक्षरं गेलेली पण पत्रा शाबूत. आजही दुकानात पंधरा किलो तेलाचा जो डबा मिळतो तो त्याच कुळातला.

रॉकेलसाठी ठीक होतं. पण ब्रिटिश लष्कराने असल्याच पातळ पत्र्याच्या चार गॅलनी डब्यातून युद्धात पेट्रोल न्यायचं ठरवलं. सैनिकांनी त्याला नावच 'फ्लिम्झी' ठेवलं होतं, म्हणजे तकलादू. १९४० ते ४२ या काळात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात, जिथे आपली चौथी भारतीय डिव्हिजनही लढत होती, हे डबे ट्रकमध्ये एकमेकांवर आपटून जोडावर फुटत. पेट्रोल ट्रकच्या फळ्यांवरून वाळूत. तळापासून रणगाड्यापर्यंत जाताना तीस टक्के पेट्रोल वाया जातं अशी तक्रार खुद्द जनरल ऑचिनलेक यांनी केली होती. (हेच पुढे अखंड हिंदुस्थानी सैन्याचे शेवटचे सरसेनापती.) फुटक्या डब्याचा एकच उपयोग सैनिकांना सापडला. तो कापायचा, आत वाळू भरायची, वर पेट्रोल ओतायचं आणि त्यावर चहा करायचा. त्याला म्हणत 'बेनगाझी बर्नर'.

समोर जर्मनांकडे काय होतं? वीस लिटरचा कॅन, १९३७ च्या सुमारास म्युलर नावाच्या कंपनीतल्या ग्रुनफोगेल या मुख्य अभियंत्याने तयार केलेला. हिटलरच्या सैन्याबद्दल चांगलं लिहायला हात वळत नाही, पण वस्तू म्हणून हा कॅन बघण्यासारखा आहे. वर एक नाही, तीन मुठी. भरलेला असेल तर एकाने मधली धरायची किंवा दोघांनी कडेच्या दोन. रिकामे असतील तर एका हातात दोन कॅन. झाकण आट्याचं नाही, खटक्याचं. अंगठ्याने दाबलं की घट्ट बसतं, पाना लागत नाही, हरवत नाही. बाजूच्या पत्र्यावर ठसवलेल्या खोलगट रेघा, म्हणजे उन्हात पेट्रोल फुगलं तर पत्र्याला फुगायला जागा. जोड वेल्डिंगचा, तोही आत दबलेला, आपटला तरी मार जोडाला लागत नाही. मुठीखाली हवेची पोकळी, त्यामुळे भरलेला कॅनही पाण्यावर तरंगतो.

आणि सगळ्यात मोलाची गोष्ट, तोंडाशी आत बसवलेली एक बारीक नळी. इंधन बाहेर पडताना आत तेवढीच हवा जावी लागते. ती जायला वाट नसेल तर हवा इंधनाच्याच वाटेने घुसते, आणि मग ते गुडुक गुडुक गचके. ही नळी हवेला वेगळी वाट देते. धार एकसारखी, नरसाळं नको. आमच्या पलीकडच्या वाडीतल्या माणसाच्या हातात तेव्हा नेमकं एवढंच नव्हतं.

हा कॅन दोस्तांकडे कसा पोचला, त्या कहाणीत हिंदुस्थान आहे. रिचर्ड डॅनियल नावाच्या अमेरिकन नौदलातल्या रसायनतज्ज्ञाने ती पुढे लिहून ठेवली. पॉल प्लाइस हा अमेरिकन इंजिनियर १९३९ मध्ये बर्लिनहून एका जर्मन सहकाऱ्यासोबत मोटारीने हिंदुस्थानकडे निघाला. पाण्यासाठी काही भांडं हवं म्हणून त्या जर्मनाने बर्लिनच्या टेम्पलहोफ विमानतळावरच्या साठ्यातले तीन कॅन उचलून आणले. वाटेत जर्मनाला परत बोलावणं आलं. जाण्याआधी त्याने कॅन कसा बनवतात याचा सगळा तपशील प्लाइसला सांगून टाकला. प्लाइस एकटाच कलकत्त्याला पोचला, मोटार तिथेच ठेवली आणि मायदेशी जाऊन अधिकाऱ्यांना म्हणाला, हे बघा, असा कॅन बनवा. कुणी ढुंकून बघितलं नाही. कोपऱ्यात मोटार आणि तिच्यात जगातला सगळ्यात चांगला कॅन, कलकत्त्यात नुसता पडून. तालुक्याच्या कुठल्याही कचेरीत अर्ज घेऊन गेलेल्या माणसाला प्लाइसचं दुःख समजावून सांगायला नको.

पुढे तो कॅन अमेरिकेत पोचला, तर तिथल्या लष्करी तज्ज्ञांनी तो 'सुधारला'. आकार आणि मुठी तशाच ठेवल्या. वेल्डिंग काढून जोड दुमडून घेतला, आतला लेप काढला, खटक्याचं झाकण जाऊन आट्याचं आलं. म्हणजे उघडायला पाना आणि ओतायला नरसाळं परत लागू. ब्रिटिशांनी मात्र शहाणपणा केला, जर्मन कॅन जसाच्या तसा उतरवला. शत्रूला ते 'जेरी' म्हणायचे, म्हणून याचं नाव जेरीकॅन. युद्ध संपलं तेव्हा युरोपभर दोन कोटींच्या वर असे कॅन विखुरलेले होते, आणि या कॅनशिवाय आमची फौज फ्रान्स एवढ्या वेगाने पार करू शकली नसती असं राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट बोलून गेले.

तुम्ही म्हणाल, एवढं शिकल्यावर अमेरिकेचा प्रश्न सुटला असेल. नाही सुटला. प्लास्टिकचे कॅन आले, त्यांना एक तोटी आणि मागे हवेचं छोटं बूच असे. काम भागत होतं. मग लक्षात आलं की लाखो घरांतल्या कॅनमधून पेट्रोलची वाफ उडते आणि हवा खराब होते. हे खरंच आहे. कॅलिफोर्नियाने २००१ पासून आणि केंद्रातल्या पर्यावरण संस्थेने २००९ पासून नियम लावला की दिवसाला गॅलनमागे ०.३ ग्रॅमपेक्षा जास्त वाफ बाहेर जाता कामा नये. उत्पादकांनी मागचं हवेचं बूच काढून टाकलं आणि दाबून धरायची, आपोआप बंद होणारी स्प्रिंगची तोटी बसवली. आता त्या तोटीतून पेट्रोल एकतर येत नाही, नाहीतर एकदम भसकन येतं. वाफ अडवायला गेले आणि पेट्रोल जमिनीवर. लोकांनी तोटी फेकून नरसाळं काढलं, कुणी ड्रिलने कॅनला भोक पाडून टायरचा वॉल्व्ह बसवला. शेवटी २०२५ मध्ये त्याच संस्थेला कंपन्यांना कळवावं लागलं की बाबांनो, हवेची वाट ठेवा.

आणि ज्याने माणूस खरोखर वाचतो ती वस्तू मात्र कितीतरी वर्षं सक्तीची नव्हती. ती म्हणजे तोंडाशी एक बारीक जाळी. जाळीतून ज्वाला पलीकडे जात नाही हे हंफ्री डेव्हीने १८१५ मध्ये खाणकामगारांचा दिवा बनवताना दाखवून दिलं होतं. अमेरिकेतली सर्वात मोठी कॅन कंपनी, ओक्लाहोमातली ब्लिट्झ, जाळी नसल्यामुळे भाजलेल्यांच्या दाव्यांखाली २०१२ मध्ये बंद पडली. जाळीचा कायदा झाला २०२० मध्ये आणि लागू झाला २०२३ मध्ये. मध्ये दोनशे वर्षं.

आता आपलं बघू. आपला पेट्रोलियम कायदा १९३४ चा. विक्रीसाठी नसेल तर तीस लिटरपर्यंत पेट्रोल बाळगायला परवाना लागत नाही. कलम आठ वाचा. ते पेट्रोल घट्ट बुचाच्या काचेच्या, दगडी मातीच्या किंवा धातूच्या भांड्यात असावं. काच आणि बरणी एक लिटरपर्यंत, धातू पंचवीस लिटरपर्यंत. प्लास्टिक हा शब्दच तिथे नाही. १९३४ मध्ये चिनी मातीची बरणी घरोघरी होती, प्लास्टिकचा कॅन नव्हता. पुढे २००२ च्या नियमांत एक लिटरवरचं भांडं मुख्य नियंत्रकांनी मान्य केलेल्या प्रकारचं हवं आणि पेट्रोलच्या भांड्यात पाच टक्के जागा रिकामी हवी, असंही आलं. हे मुख्य नियंत्रक बसतात आपल्याच नागपुरात. 'पेसो' म्हणतात त्या संस्थेला, १८९८ पासूनची आहे.

डिझेलची गोष्ट तर आणखी वेगळी. ते 'ब' वर्गात येतं, कारण त्याची वाफ पेट्रोलएवढ्या सहज पेटत नाही. अडीच हजार लिटरपर्यंत साठवायला परवाना लागत नाही. पण आमच्याकडे पंपसेटसाठी दहा लिटर डिझेल मागणाऱ्या शेतकऱ्यालाही "वरून ऑर्डर" हेच उत्तर मिळतं.

बंदी उगाच आलेली नाही, हेही लिहिलं पाहिजे. फेब्रुवारी २०२० मध्ये हिंगणघाटला भर रस्त्यात एका शिक्षिकेला पेट्रोल ओतून जाळलं, ती गेली. त्या आठवड्यात बाटलीतलं पेट्रोल बंद करा म्हणणाऱ्यांत मीही होतो, अग्रलेख लिहिला होता. आजही त्यातला शब्द मागे घेणार नाही. पण पाण्याच्या बाटलीत पेट्रोल देणं आणि धातूच्या, जाळीच्या कॅनमध्ये देणं यातला फरक कुठल्याही आदेशात मी वाचलेला नाही, आणि असे आदेश मी बंद-मोर्चाच्या दिवसांत किती वेळा टाईप केलेत त्याची गणती नाही. सुटं इंधन बंद, एवढंच. मग ज्याला ग्रासकटर चालवायचाय, फवारणीचा पंप चालवायचाय, तो कुठे जाणार? नळी, तोंड, बाटली.

गेल्या महिन्यात तालुक्यातली हार्डवेअरची सहा दुकानं फिरलो. धातूचा कॅन एकाकडेही नाही. एक दुकानदार काका म्हणाले, "तू पहिलाच विचारणारा. प्लास्टिकचा घेऊन जा, पन्नास रुपये कमी लावतो." शेवटी भंगारात एक जुना लष्करी कॅन मिळाला. तीन मुठी, खटक्याचं झाकण, वायसर तेवढा सडलेला. घासून, नवा वायसर बसवून पंपावर घेऊन गेलो, कायद्याची प्रत खिशात. मान्यतेचा ठसा त्यावर नाही हे मला ठाऊक होतं, पण निदान ही चर्चा तरी होईल म्हटलं. पोराने कॅन हातात घेतला, उलटासुलटा करून बघितला, झाकण दोनदा उघडून लावलं. "भारी आहे," म्हणाला. "पण कॅनमध्ये नाय मिळणार."

पलीकडच्या वाडीतला तो माणूस आता बरा आहे. डाव्या हाताची दोन बोटं अजून मिटत नाहीत. पुढच्या आठवड्यात पुरवठा शाखेत लेखी अर्ज देतोय, एकच मागणी आहे: शेतकऱ्याला मान्य कॅनमध्ये, नोंद करून इंधन द्या, आणि असा कॅन तालुक्यात कुठे मिळतो ते पंपावर फलक लावून सांगा. सह्या करणाऱ्यांनी शनिवारच्या बाजारात एसटी स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर यावं, मी दहा ते बारा तिथे आहे.