बोटांचा आखाडा

बसल्या जागी बोटं चालवणाऱ्याला खेळाडू म्हणायचं का, असं कुणी विचारलं की मी दक्षिण कोरियाची हकिकत सांगतो.

1997 साली आशियात आर्थिक संकट आलं. कोरियातले बडे उद्योग बुडाले, हजारो माणसं घरी बसली. त्यांतल्या काहींनी तासाच्या भाड्यानं संगणक देणारी दुकानं काढली. त्यांना ‘पीसी बांग’ म्हणतात. आपल्या कानाला बांग म्हटलं की मशीद आठवते, नाहीतर कोंबडा. कोरियन भाषेत बांग म्हणजे खोली. सरकार तेव्हा देशभर वेगवान इंटरनेट नेत होतं. अशात 1998 मध्ये ‘स्टारक्राफ्ट’ हा अमेरिकी युद्धखेळ आला. हाताला काम नसलेली पोरं त्या खोल्यांत जमली आणि गल्लीगल्लीत सामने रंगू लागले.

2000 साली या खेळाडूंची संघटना झाली, सामने दाखवणारी स्वतंत्र वाहिनीही आली. लिम यो-ह्वानसारख्या खेळाडूंना सिनेनटांसारखे चाहते मिळाले. अव्वल खेळाडूची बोटं मिनिटाला तीनशे हालचाली करत. 2004 मध्ये बुसानच्या समुद्रकिनाऱ्यावर अंतिम सामना झाला, तेव्हा लाखभर लोक जमल्याचं सांगितलं गेलं. कशासाठी, तर दोन पोरं पडद्यासमोर बसलेली पाहायला!

जुगार मागोमाग आलाच. 2010 मध्ये सामनेनिश्चिती उघडकीस आली, नावाजलेले खेळाडू कायमचे बाद झाले. सरकारचं वागणं तर मला अजब वाटतं. 2007 मध्ये हवाई दलानं स्वतःचा स्टारक्राफ्ट संघ उभारला, आणि 2011 मध्ये सोळा वर्षांखालच्या मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत ऑनलाइन खेळांची बंदी झाली. मुलांच्या झोपेची काळजी खोटी नव्हती; पण ज्या वयात हा खेळाडू घडतो, त्याच वयावर कुलूप लागलं. ते 2022 मध्ये निघालं.

कोरियात धडधाकट तरुणाला दीड-दोन वर्षं लष्करात काढावी लागतात. या खेळात बोटांचा वेग विशीतच ऐन भरात असतो, त्यामुळे ती वर्षं गेली की बरंच जातं. आशियाई सुवर्णपदक मिळवणाऱ्याला मात्र त्यातून जवळजवळ सुटका मिळते. चीनमधल्या हांगझोऊच्या 2023 मध्ये झालेल्या आशियाई स्पर्धेत संगणकी खेळांना प्रथमच अधिकृत पदकं होती. ‘लीग ऑफ लेजंड्स’मध्ये कोरियन संघानं सुवर्ण जिंकलं, आणि पोहणाऱ्या-धावणाऱ्यांना मिळणारी सवलत या पोरांनाही मिळाली.

आदल्या दिवशी ‘स्ट्रीट फायटर’मध्येही कोरियाच्याच किम ग्वान-वूनं सुवर्ण घेतलं होतं. नाणं टाकून खेळायच्या यंत्रांवर त्याचा हात बसलेला. वय चव्वेचाळीस. लष्करी सवलतीचा त्याला काडीचा उपयोग नव्हता.