दांत हलविणारी तार

अर्धा मिलिमीटर जाडीची आणि बोटभर लांबीची पोलादी तार हातांत घेतली, तर तिचें वजन जेमतेम गुंजभर भरतें. या तारेला मध्यें एक वेटोळें द्यावें, तिचें एक टोंक टाळूवर बसणाऱ्या पातळ पट्टींत पक्कें रोवावें व दुसरें मोकळें टोंक एखाद्या वांकड्या दांताला टेकवावें, म्हणजे जबड्याच्या हाडांत घट्ट रुतलेला तो दांत महिन्याकाठीं सुमारें एक मिलिमीटर सरकूं लागतो. दगडी भिंतींतला खुंटा गुंजभर तारेनें हलावा, असाच हा प्रकार आहे. यांत चमत्कार कांहीं नाहीं. परंतु एवढें साधण्यास मनुष्याला जवळजवळ दोन हजार वर्षें लागलीं. त्याचीच हकीकत आज मी आपणांपुढें सांगणार आहें.

वेड्यावांकड्या दांतांवरील पहिला उपाय म्हणजे बोट. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील रोमन ग्रंथकार सेल्सस यानें आपल्या वैद्यकग्रंथांत असें लिहून ठेवलें आहे कीं, दुधाचा दांत पडण्यापूर्वींच नवा दांत उगवला, तर दुधाचा दांत उपटावा आणि नवा दांत आपल्या जागीं येईपर्यंत रोज बोटानें ढकलीत जावें. हा उपाय ऐकून हंसूं येईल. परंतु या विद्येचें मूळ तत्त्व त्यांत अचूक सांपडलेलें आहे. जोर थोडा असावा, पण तो पुनःपुन्हां लागावा. उणीव एवढीच कीं, बोटाला दुसरींही कामें असतात. त्या बोटाऐवजीं रात्रंदिवस न थकणारें कांहीं तरी शोधणें, हाच या विद्येचा पुढील इतिहास होय.

१७२८ सालीं फ्रान्समध्यें प्येर फोशार या दंतवैद्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. दांत उपटण्याचा धंदा शास्त्राच्या पंक्तीस बसविण्याचें श्रेय बहुतेक इतिहासकार त्यालाच देतात. सोन्याची किंवा रुप्याची, घोड्याच्या नालाच्या आकाराची, भोंकें पाडलेली एक पट्टी तो दांतांच्या ओळीला लावी आणि वांकडा दांत दोऱ्यानें तिला बांधून टाकी. दोरा आवळला म्हणजे दांत पट्टीकडे ओढला जाई. तथापि दोऱ्याला लवचिकपणा बेताचाच. दांत थोडासा हलला कीं तो सैल पडे, आणि पुन्हां बांधावा लागे.

यानंतरची मोठी मजल गांठली गेली ती रबरामुळें. अमेरिकेंतील चार्ल्स गुडइयर यानें रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याच्या कृतीचें पेटंट १८४४ सालीं घेतलें. गंधकाचें प्रमाण वाढविलें म्हणजे तेंच रबर लांकडासारखें कठीण होतें. या कठीण रबराला व्हल्कनाइट म्हणत. त्याची पट्टी तोंडाच्या ठशाबरहुकूम तयार करतां येई, ती टाळूला चपखल बसे, आणि मुख्य म्हणजे ती काढतां-घालतां येई. दंतवैद्याच्या हातीं आतां पाया आला; पण जोर कशाचा लावावयाचा हा प्रश्न उरलाच. कोणी पट्टींत लांकडाच्या बारीक खुंट्या बसवीत. त्या लाळेनें भिजून फुगत आणि दांताला रेटा देत. कोणी स्क्रू वापरीत. सॅन फ्रान्सिस्कोच्या एमर्सन एंजल यानें एका मुलीचा वरचा जबडा स्क्रूनें रुंद केल्याची हकीकत १८६० सालीं प्रसिद्ध केली, आणि त्या काळच्या जाणत्यांचा तिजवर विश्वास बसेना. स्क्रूचा दोष असा कीं, फिरविल्याबरोबर त्याचा जोर एकदम फार होतो आणि दांत किंचित् सरकतांच तो नाहींसा होतो. आधीं अतिरेक, मग उपवास, असा तो कारभार.

ऑगस्ट १८८१ मध्यें लंडन येथें आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषद भरली. पाश्चर, लिस्टर, कॉक असे धुरंधर तेथें जमले होते. रोगजंतूंच्या त्या गाजलेल्या चर्चांच्या गर्दींत वॉल्टर कॉफिन नांवाच्या दंतवैद्यानें आपलें एक लहानसें साधन मांडलें. व्हल्कनाइटची पट्टी करावयाची, ती मधोमध करवतीनें उभी कापावयाची, आणि दोन्हीं अर्धुकें पियानोच्या तारेच्या एका वळणदार कमानीनें जोडावयाचीं. ही कमान ग्रीक ओमेगा अक्षरासारखी दिसते. ती हातानें किंचित् फांकवून पट्टी तोंडांत बसविली, म्हणजे तार पूर्वस्थितीवर येण्याची खटपट करते व दोन्हीं बाजूंच्या दाढा हळूहळू बाहेर लोटते. पियानोची तार निवडण्यांत कॉफिनची चतुराई दिसते. तिच्याइतकी चिवट आणि वांकविल्यावर परत फिरणारी दुसरी तार त्या काळीं सहजासहजीं मिळण्यासारखी नव्हती. आजही या कमानीला कॉफिन स्प्रिंग असेंच म्हणतात.

आतां थोडें गणित. आयुष्यभर फळ्यासमोर उभा राहिलेला मनुष्य तें टाळूं शकत नाहीं, याबद्दल श्रोत्यांनीं क्षमा करावी. स्प्रिंग जितकी ताणावी तितक्या प्रमाणांत तिचा जोर वाढतो, हा नियम रॉबर्ट हूक यानें १६७८ सालीं प्रसिद्ध केला. तो आपण शाळेंत शिकतों. परंतु दंतवैद्याला त्यापुढचा हिशेब लागतो. एका टोंकाला रोवलेली तार ठराविक अंतर वांकविली असतां तिची जाडी दुप्पट केल्यास जोर सोळापट होतो, आणि लांबी दुप्पट केल्यास तो आठवा हिस्सा उरतो. अर्ध्या मिलिमीटरच्या ऐवजीं सहा दशांश मिलिमीटरची तार घेतली, एवढा डोळ्यांना न दिसणारा फरक केला, तरी जोर दुप्पट होतो. म्हणजे तार बारीक आणि लांब हवी. पण तोंडांत लांब तारेला जागा कोठली? येथें तें वेटोळें उपयोगी पडतें. तीन मिलिमीटर व्यासाच्या एका वेटोळ्यांत सुमारें साडेनऊ मिलिमीटर तार मावते, आणि जागा मात्र नखाएवढीही लागत नाहीं. तें वेटोळें अशा बाजूस ठेवतात कीं, दांत सरकत जाईल तसतसें तें उलगडत जावें. अशी स्प्रिंग तीन मिलिमीटर वांकविली, तर तिचा जोर पुष्कळ दिवस टिकतो.

हा जोर किती असावा? या प्रश्नाचें उत्तर तोंडांत मिळालें नाहीं, तें सूक्ष्मदर्शकाखालीं मिळालें. स्वीडनमधील कार्ल सॅण्डस्टेट यानें एका कुत्र्याचे दांत तीन आठवडे रेटून मग त्यांच्या भोंवतालचें हाड तपासलें आणि आपले निष्कर्ष १९०४ सालीं मांडले. त्याला असें आढळलें कीं, जोर हलका असला म्हणजे दाबाच्या बाजूचें हाड पेशी नीटपणें विरघळवितात व मागच्या बाजूस नवें हाड तयार होतें. म्हणजे दांत हाडांतून ओढला जातो असें नव्हे. हाडच त्याला वाट करून देतें. पण जोर फार झाला, तर दांत व हाड यांमधील नाजूक पडदा चेंगरतो, तेथील पेशी मरतात, तो भाग कांचेसारखा निर्जीव दिसूं लागतो, आणि दांत पुढें जाण्याऐवजीं अडून बसतो. १९३२ सालीं व्हिएन्नाच्या मार्टिन श्वार्ट्झ यानें त्याला आंकडा दिला : मुळाच्या पृष्ठभागावर दर चौरस सेंटिमीटरला २० ते २६ ग्रॅमपेक्षां अधिक दाब पडूं नये, कारण केशवाहिन्यांतील रक्ताचा दाब सुमारें तेवढाच असतो. एकमुळी दांत स्प्रिंगनें कलता करावयाचा असल्यास २५ ते ४० ग्रॅम जोर पुरतो, असा हल्लींचा पाठ आहे. वडीलधारीं माणसें दंतवैद्याला घाई करतात, तेव्हां हा आंकडा त्यांच्या कानीं घालावासा वाटतो. जोर वाढवून दांत लवकर येत नाहीं, उलट उशीरा येतो.

याच सुमारास या विद्येंत दोन तट पडले. अमेरिकेंत एडवर्ड अँगल हा मोठा बुद्धिमान आणि तितकाच आग्रही पुरुष होऊन गेला. दांतांवर कायम बसविलेल्या कड्या व तारा हाच खरा मार्ग, असें त्याचें मत. १९०० सालीं सेंट लुई येथें त्यानें शाळा काढली आणि त्याच्या शिष्यांनीं तो देश व्यापला. त्याच देशांतील व्हिक्टर ह्यूगो जॅक्सन, किंवा १९१९ मध्यें न्यू ऑर्लिअन्स येथें काढतां येणारें सोन्याचें साधन करणारा जॉर्ज क्रोझाट, हे मागें पडले. युरोपांत मात्र उलट झालें. तेथें मौल्यवान् धातूंची टंचाई होती, आणि थोड्या खर्चांत पुष्कळ मुलांची सोय लावावी असा समाजव्यवस्थेचा ओढा होता. माझ्या मतें या वादाचा खरा विषय दांत हा नव्हताच. एका मुलाचें काम सर्वांगसुंदर करावें, कीं तेवढ्याच पैशांत अनेकांचें बऱ्यापैकीं करावें, असा तो प्रश्न होता, आणि दोन्हीं बाजूंना प्रामाणिक माणसें होतीं.

गरिबाच्या पट्टीला बळ दिलें तें पोलादानें. पियानोची तार लाळेनें गंजे, आणि सोनें परवडत नसे. न गंजणारें पोलाद एसेन येथील क्रुप कारखान्यांत १९१२ च्या सुमारास तयार झालें, आणि तेथीलच दंतचिकित्सालयानें पहिल्या महायुद्धानंतर तें तोंडांतील कामासाठीं वापरण्यास आरंभ केला. तारेचा प्रश्न सुटला. १९३७ च्या सुमारास ॲक्रिलिक आलें आणि व्हल्कनाइटचा काळपट तांबडा पाया जाऊन गुलाबी पट्टी आली. उरला प्रश्न पट्टी जागेवर धरून ठेवण्याचा. न्यूटनच्या नियमाप्रमाणें तार दांताला जेवढी ढकलते, तेवढीच ती पट्टीला मागें ढकलते. पट्टी सैल असेल तर दांताऐवजीं पट्टीच हलावयाची. श्वार्ट्झनें बाणाच्या टोंकाच्या आकाराचा आंकडा काढला होता. फिलिप ॲडम्स यानें त्यांत सुधारणा करून दाढेच्या दोन्हीं कोंपऱ्यांना चिमटींत धरणारा आंकडा १९५० सालीं प्रसिद्ध केला. त्याला कित्येक जण लिव्हरपूलचा आंकडा असेंही म्हणत. ५ जुलै १९४८ रोजीं ब्रिटनमध्यें राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झालेलीच होती. स्वस्त पट्टी, न गंजणारी स्प्रिंग आणि न सुटणारा आंकडा अशी त्रयी सिद्ध झाल्यावर साध्या गल्लींतल्या दंतवैद्यालाही मुलांचे दांत सरळ करण्याचें काम हातीं घेतां आलें.

या पट्टीचा सर्वांत मोठा गुण म्हणजे ती काढतां येते, आणि सर्वांत मोठा दोष म्हणजेही ती काढतां येते. माझ्या वर्गांतील एका मुलाची पट्टी कंपासपेटींत, कर्कटकाच्या शेजारीं, सुखानें विश्रांति घेत असलेली मीं पाहिली आहे. त्याच्या घरीं ती मोठ्या कष्टानें पैसे जमवून करविली होती. ती रात्रंदिवस तोंडांत राहिली तरच गुण येणार. दोन दिवस बाहेर राहिली कीं दांत मागें फिरूं लागतो. धुण्यापुरती ती काढावी, असेंच दंतवैद्य सांगतात. मुलाच्या संमतीवांचून चालणारें हें यंत्र नव्हे.

शिवाय तिची कुवतही मर्यादित आहे. स्प्रिंग दांताला एकाच बिंदूवर टेकते, म्हणून दांताचा माथा पुढें जातो, मूळ जवळजवळ तेथेंच राहतें, आणि दांत कलतो. संबंध दांत उभाच्या उभा सरकविणें किंवा मुळाची दिशा बदलणें तिला साधत नाहीं. १९९० नंतरच्या दशकांत ब्रिटनमध्यें झालेल्या पाहण्यांत कायम तारांचे परिणाम पट्टीपेक्षां सरस ठरले, आणि मोठीं कामें पट्टीकडून निघून गेलीं. हल्लींचीं पारदर्शक आवरणें काढतां-घालतां येणारींच असतात; पण त्यांत बहुधा स्प्रिंग नसते.

तरीही एक काम तिच्याकडे राहिलें आहे. सात-आठ वर्षांच्या मुलाचा वरचा पटाशीचा दांत खालच्या दांताच्या आंत अडकतो. तोंड मिटतांना दर वेळीं खालचा दांत बाहेर ढकलला जाऊन त्याची हिरडी उतरूं लागते. अशा वेळीं टाळूच्या पट्टींत इंग्रजी झेड अक्षरासारखी दुहेरी वळणाची स्प्रिंग बसवितात, दाढांवर थोडा थर चढवून दांतांची अडचण सोडवितात, आणि दंतवैद्य ठराविक मुदतीनें ती तार थोडी थोडी उघडीत जातो. कांहीं महिन्यांत दांत पुढें येतो. एकदां तो खालच्या दांतापुढें आला, कीं खालचा दांतच त्याला मागें जाऊं देत नाहीं, आणि पट्टी काढून टाकली तरी चालते.