मिलरचे धनादेश: बँकेतले कागद नेमके कोणाचे?

१/
९ जानेवारी १९७३. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील कॅथलीन या छोट्याशा गावात एका गोदामाला आग लागली. ती विझवण्यासाठी धावलेल्या जवानांना आत ७,५०० गॅलन, म्हणजे सुमारे २८,००० लिटर क्षमतेची दारूभट्टी आणि कर न भरलेली १७५ गॅलन व्हिस्की सापडली. गोदाम मिलर नावाच्या इसमाने भाड्याने घेतले होते. या आगीतून उभ्या राहिलेल्या खटल्याने पुढे अमेरिकेतील प्रत्येक खातेदाराच्या खासगीपणाची सीमा आखली. आजचा धागा त्या खटल्याविषयी, आणि जवळजवळ तीन दशकांनी दिल्लीत त्याला मिळालेल्या उत्तराविषयी.

२/
आगीनंतर दोन आठवड्यांनी अर्थखात्याचे अधिकारी मिलरची खाती असलेल्या दोन बँकांच्या अध्यक्षांकडे गेले. हाती न्यायाधीशाचे वॉरंट नव्हते. होती ती समन्से. न्यायालयाच्या कारकुनाने ती कोरी दिली होती आणि सरकारी वकिलाच्या कार्यालयाने भरली होती. कागदपत्रे ग्रँड ज्युरीपुढे, म्हणजे खटला भरावा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे, हजर करा, असा तो हुकूम होता. समन्सावर जी तारीख होती, त्या दिवशी ग्रँड ज्युरीची बैठकच नव्हती.

३/
बँकांनी हरकत घेतली नाही. मायक्रोफिल्म दाखवल्या, धनादेशांच्या, पैसे भरल्याच्या स्लिपांच्या आणि खातेउताऱ्यांच्या प्रती दिल्या. मग अध्यक्षांना सांगण्यात आले की आता त्यांनी स्वतः हजर राहण्याची गरज नाही. या साऱ्यात एक गोष्ट कोणीच केली नाही: मिलरला कळवले नाही. ट्रक भाड्याने घेणे, रेडिओ उपकरणांची खरेदी, पत्रा आणि लोखंडी नळ्यांची खरेदी, असे आरोपपत्रातले दुवे पैशांच्या व्यवहारांतूनच जुळत गेले. मिलर दोषी ठरला.

४/
येथे क्षणभर थांबून दोनशे वर्षे मागे जायला हवे. १७६१ मध्ये बोस्टन येथे जेम्स ओटिस या वकिलाने इंग्रजी राजवटीच्या सरसकट झडती-हुकुमांविरुद्ध गाजलेला युक्तिवाद केला. कोणाचे घर, कोणता माल, कशाचा संशय, यांपैकी काहीही नमूद न करता जकात अधिकाऱ्यांना कोठेही शिरू देणारे ते हुकूम होते. त्यांच्या कटू आठवणींतून १७९१ ची चौथी घटनादुरुस्ती जन्मली. माणसाची शरीरे, घरे, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांना अवाजवी झडतीपासून तिने संरक्षण दिले. ‘कागदपत्रे’ हा शब्द तिच्यात मुद्दाम आहे.

५/
पण त्या काळी व्यापाऱ्याचे कागद कोठे असत? त्याच्याच घरी. आपल्याकडे पेढीवर रोजकीर्द आणि खतावणी लाल कापडात बांधून ठेवत, तसेच तेथेही हिशेबाच्या वह्या मालकाच्या पेटीत बंद असत. वही वाचायची तर दार ओलांडावे लागे, आणि दार ओलांडायचे तर वॉरंट लागे. विसाव्या शतकात वही बँकेत गेली. माणूस तोच, व्यवहार त्याचेच, परंतु कागद दुसऱ्याच्या छपराखाली. दारावर उभारलेले संरक्षण वहीबरोबर बँकेत जाणार होते का, हा खरा प्रश्न होता.

६/
१९७० मध्ये अमेरिकी काँग्रेसने या प्रश्नाला नवे वळण दिले. परदेशी बँकांतील गुप्त खात्यांआडून होणारी करचोरी आणि गुन्हेगारी रोखण्यासाठी तिने एक कायदा केला. त्याचे रूढ नाव ‘बँक सीक्रसी ॲक्ट’, म्हणजे बँक गोपनीयता कायदा. नाव गोपनीयतेचे, काम नेमके उलट. बँकांनी ग्राहकांच्या व्यवहारांच्या नोंदी जपून ठेवाव्यात आणि १०,००० डॉलरहून मोठ्या रोख व्यवहारांची माहिती सरकारला कळवावी, असे बंधन त्याने घातले. नियमांनी प्रती ठेवण्याची सक्ती १०० डॉलरवरील धनादेशांपुरती आणली. मिलरच्या धनादेशांच्या प्रती ठेवण्यामागे हेच कायदेशीर बंधन होते.

७/
कॅलिफोर्नियातील बँकांच्या संघटनेने या कायद्याला आव्हान दिले. १ एप्रिल १९७४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. नुसत्या नोंदी ठेवल्याने कोणाची झडती होत नाही. सरकार त्या मागेल तेव्हा काय ते पाहू, असा निकालाचा सूर होता. न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी असहमती नोंदवली. एखाद्याचे धनादेश पाहिले की त्याचे डॉक्टर, वकील, धर्म, राजकीय मते, वाचन, सारेच उमगते, असे त्यांचे म्हणणे होते. झाकली मूठ सव्वा लाखाची असे आपण म्हणतो. त्या मुठीची बोटे उघडणारी वस्तू म्हणजे धनादेश, हे डग्लस यांनी ओळखले होते.

८/
आता मिलरकडे वळू. अपील न्यायालयाने त्याची बाजू घेतली. सदोष समन्साच्या बळावर मिळवलेले कागद पुरावा म्हणून चालणार नाहीत, असे त्याने ठरवले. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २१ एप्रिल १९७६ रोजी सात विरुद्ध दोन मतांनी जिंकले. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती लुईस पॉवेल यांनी लिहिला.

९/
त्यांची मांडणी वरवर अगदी सरळ आहे. हे कागद मिलरचे खासगी कागद नव्हेत, ती बँकेची व्यावसायिक दप्तरे आहेत. धनादेश म्हणजे गुप्त पत्र नव्हे, तो बाजारात फिरणारा दस्तऐवज आहे. मिलरने ही माहिती स्वखुशीने बँकेला दिली. ती पुढे सरकारकडे जाण्याची जोखीम त्याने पत्करली. समन्स सदोष होते की नाही, हा प्रश्नच मग उरत नाही, कारण तक्रार करण्याचा हक्कच मिलरला नाही. या तर्काला पुढे ‘त्रयस्थ पक्षाचा सिद्धान्त’ हे नाव पडले.

१०/
या तर्काचे मूळ ध्यानात घेण्याजोगे आहे. ज्या जुन्या निकालांचा आधार पॉवेल यांनी घेतला, ते खबऱ्यांचे होते. आपण मित्रासमोर गुन्ह्याची वाच्यता केली आणि तो पोलिसांचा माणूस निघाला, तर दोष आपल्या विश्वासाचा, असे ते निकाल सांगतात. पण मित्र निवडता येतो. पगार, घरभाडे, कर्ज, विमा यांसाठी बँक टाळता येते का? न्यायमूर्ती विल्यम ब्रेनन यांनी असहमतीत हेच विचारले. त्यांच्या हाताशी कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९७४ चा निकाल होता. खात्यावाचून आजच्या आर्थिक जीवनात वावरणे अशक्यप्राय आहे, म्हणून त्या देण्याला ‘स्वखुशी’ म्हणता येत नाही, असे त्या न्यायालयाने आधीच सांगितले होते.

११/
दुसरे असहमत न्यायमूर्ती थर्गुड मार्शल. १९७४ मध्येच त्यांनी धोक्याची सूचना दिली होती. त्या वेळी खातेदारांना सांगण्यात आले की तक्रार फार लवकर आली. १९७६ मध्ये मिलरला कळले की आता फार उशीर झाला, कागद तर बँकेचे झाले. दोन निकालांच्या मध्ये योग्य वेळ कधी येऊन गेली, हे कोणालाच दिसले नाही.

१२/
निकालावर टीका झाली आणि काँग्रेसने १९७८ मध्ये ‘आर्थिक खासगीपणाचा हक्क’ देणारा कायदा केला. केंद्रीय यंत्रणेने कागद मागितले तर सामान्यतः खातेदाराला नोटीस द्यावी आणि त्याला न्यायालयात हरकत घेता यावी, अशी त्याची रचना होती. मात्र ग्रँड ज्युरीच्या समन्सांना त्याने जवळजवळ पूर्ण सूट दिली. म्हणजे ज्याच्या खटल्यामुळे हा कायदा आला, त्या मिलरला त्याचा उपयोग झाला नसता! पुढे १९९० च्या दशकात संशयास्पद व्यवहारांचे अहवाल आले. ते बँकेने सरकारला द्यायचे असतात आणि ग्राहकाला त्याची कुणकुणही लागू द्यायची नसते. १९७३ मध्ये मिलरला न कळवणे ही बँकांची मर्जी होती. आता न कळवणे हे कर्तव्य झाले.

१३/
आता भारतात येऊ. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ९४ व्या कलमाला कालांतराने एक परंतुक जोडलेले होते. पोलिस अधिकाऱ्याला बँकेकडून कोणाच्या खात्याची माहिती मागवायची असेल, तर सत्र न्यायालयाची किंवा उच्च न्यायालयाची पूर्वपरवानगी, तीही लेखी, घ्यावी लागे. बँकेच्या दाराशी न्यायाधीश उभा होता. १९७३ ची नवी संहिता आली आणि तिच्या ९१ व्या कलमात हे परंतुक उरले नाही. ही संहिता लागू झाली तो दिवसही १ एप्रिल १९७४. वॉशिंग्टनमध्ये बँकांची याचिका फेटाळली गेली, तोच दिवस. योगायोगच, पण इतिहास वाचणाऱ्याला चटका लावणारा.

१४/
तीस वर्षांनी हा प्रश्न वेगळ्या वाटेने दिल्लीत पोहोचला. आंध्र प्रदेशाने १९८६ मध्ये भारतीय मुद्रांक अधिनियमाच्या ७३ व्या कलमात दुरुस्ती केली होती. जिल्हाधिकाऱ्याने अधिकार दिलेली कोणतीही व्यक्ती कोणत्याही जागेत शिरून दस्तऐवज तपासू शकेल आणि मुद्रांक शुल्क कमी भरल्याचे वाटल्यास ते ताब्यात घेऊ शकेल, अशी ती तरतूद. कॅनरा बँकेने तिला आव्हान दिले, उच्च न्यायालयाने तरतूद रद्द केली आणि राज्य शासन अपिलात गेले.

१५/
१ नोव्हेंबर २००४ रोजी सरन्यायाधीश रमेशचंद्र लाहोटी आणि न्यायमूर्ती अशोक भान यांनी अपील फेटाळले. निकालात मिलरच्या खटल्याची सविस्तर चिकित्सा आहे, आणि भारतीय न्यायालयाने तो मार्ग स्वीकारला नाही. खासगीपणा हा जागेला चिकटलेला नसून माणसाला चिकटलेला आहे, हे निकालाचे सार. कागद घरातून बँकेत गेले म्हणून त्यांची गोपनीयता संपत नाही. सबळ कारणाची नोंद नाही, अधिकाऱ्याच्या दर्जाची अट नाही, अशा मोकाट अधिकाराला तेथे थारा मिळाला नाही. पाचव्या पोस्टमधल्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे: होय, संरक्षण वहीबरोबर बँकेत जाते.

१६/
२४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टास्वामी निकालात नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणाला मूलभूत हक्क म्हणून मान्यता दिली, तेव्हा कॅनरा बँक निकाल त्या वाटेवरचा महत्त्वाचा टप्पा म्हणून पुढे आला. अमेरिकेतही २२ जून २०१८ रोजी कार्पेंटर खटल्यात न्यायालयाने मोबाइल कंपनीकडील १२७ दिवसांच्या ठावठिकाण्याच्या नोंदींना, सामान्यतः, वॉरंट आवश्यक ठरवले. त्रयस्थ पक्षाच्या सिद्धान्ताला तेथे प्रथमच मोठी मर्यादा पडली. मिलरचा निकाल मात्र त्यांनी जागचा हलवला नाही. धनादेश अजूनही बँकेचेच आहेत.

१७/
मग भारतीय खातेदाराने निश्चिंत व्हावे का? कॅनरा निकालाला तीन आठवडेही झाले नव्हते, तोच १८ नोव्हेंबर २००४ रोजी केंद्राने वित्तीय गुप्तवार्ता एककाची स्थापना केली. आज बँका १० लाखांवरील रोख व्यवहार आणि संशयास्पद व्यवहार त्याला कळवतात, आणि कळवल्याची गोष्ट गोपनीय ठेवतात. पोलिस तपासात १९७३ च्या संहितेची जागा आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. ठाण्याचा प्रभारी अधिकारी लेखी आदेशाने कागद मागवू शकतो. न्यायाधीशाच्या पूर्वपरवानगीचे ते जुने परंतुक परतलेले नाही. नव्या संहितेत या कलमाचा क्रमांक पुन्हा ९४ च आहे.

१८/
काळा पैसा, दहशतवाद, सायबर फसवणूक यांचा माग पैशांतूनच लागतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. मिलर निरपराध नव्हता. त्याच्या गोदामात भट्टी खरोखरच होती. परंतु त्याच्या निकालाने बांधले गेले ते भट्टी नसलेले सगळे. मोठे हक्क न्यायालये मोठ्या शब्दांत जाहीर करतात, त्यांच्या दाराची कडी मात्र एखाद्या परंतुकात असते, आणि परंतुक गळाले तर त्याची बातमी होत नाही. हक्क मोडला गेल्याचे ज्याला कळतच नाही, तो दाद मागणार तरी कोठे?

म्हणून इतिहासाच्या विद्यार्थ्याने गाजलेल्या निकालांबरोबर कायद्यांतून गळालेल्या ओळीही वाचाव्यात.